कार्डाची मागची बाजू

५ जून

वन्सं,

‘उत्तर द्यायचं, सल्ला द्यायचा नाही,’ असं माझ्या आधीचे ग्रंथपाल मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी म्हणाले होते. किल्ल्यांचा जुडगा हातात देता देता म्हणाले, आणि मग चष्मा पुसला, म्हणजे वाक्य महत्त्वाचं होतं. बावीस वर्षं मी ते पाळलं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा जीभ वळवळली, म्हणून तुला लिहायला बसले.

झालंय असं, की आपल्या हॉस्पिटलात साठ हातसंगणक आलेत. (तू सोडून अठरा वर्षं झाली तरी मी ‘आपल्या’च म्हणणार.) तळहाताएवढे, राखाडी, सोबत एक काडी. काडीने पडद्यावर टोचायचं, लिहायचं. त्यांना ‘हस्तधारित संगणक’ म्हणावे असं परिपत्रक सकाळी निघालं आणि दुपारपर्यंत सगळे ‘पाटी’ म्हणायला लागले. प्रत्येक डॉक्टरला एक पाटी. तिच्यात औषधं, डोस, कशाबरोबर काय देऊ नये, सगळं. दर सोमवारी पाटी ग्रंथालयात आणायची, मी ती एका खाचेत बसवायची, की नवी माहिती आत जाते. त्या खाचेला पाळणा म्हणतात. असे सहा पाळणे माझ्या टेबलावर मांडलेत. मूल एकही नाही झालं मला, पण दैवाला विनोद कळतो बघ.

वाटपाचा समारंभ झाला. दवंडी बोलला. तुझा त्या वेळचा सीनियर आता वैद्यकीय संचालक आहे, पण तू ठेवलेलं नाव काही त्याच्या अंगावरून उतरलेलं नाही. म्हणाला, डॉक्टरच्या हातात पुस्तक असलंच पाहिजे. तू तिथे असतीस तर तुला खोकला आला असता.

पुढे म्हणाला, हात भरले की खोली कशाला? म्हणजे माझी वाचनखोली. तिथे नोंदणीच्या चार खिडक्या काढायच्या. अठ्ठावीस नोव्हेंबरला विश्वस्तांची सभा आहे, तीत ठरणार. आणि खोली का नको, याचं त्याने एक उदाहरण दिलं. एकदा म्हणे या ग्रंथालयातून उत्तर उशिरा आलं, आणि एका घड्याळजीचे कान कायमचे गेले. टिकटिक ऐकून दोष ओळखणारा माणूस. सगळ्यांनी ‘च्च’ केलं. मी तिसऱ्या रांगेत मांडीवर किल्ल्या घेऊन बसले होते. काही बोलले नाही. तू काळजी करू नकोस.

घरी आईंना सांगितलं तर म्हणाल्या, बरं झालं, यंत्र तरी वेळेवर उत्तर देईल. तुझे दादा पेपरामागे हसले. मी ताटं उचलली.

आता माझ्यावर काम असं, की माझी कार्डांची पेटीही पाटीत भरायची. बावीस वर्षांत टेबलावर किंवा फोनवर आलेल्या प्रत्येक प्रश्नाचं एकेक कार्ड आहे, तीन हजार शंभरच्या वर. टाइप करायला बाहेरची माणसं येणार. परिपत्रकात खास लिहिलंय, कार्डांवरील कोणताही मजकूर गाळू नये. म्हणजे जी खोली बंद करायची तिची शिदोरी मीच बांधून द्यायची.

एक पाटी जास्तीची आली होती. बाहेरगावचा एक दवाखाना चाचणीसाठी हवाच होता, म्हणून रीतसर नोंद करून तुला पाठवतेय. काडी हरवू नकोस. इथे पहिल्या आठवड्यात अकरा हरवल्या. हाडांचे मोठे डॉक्टर काडीने कान कोरताना सापडले.

तुझी वहिनी

१७ जून

वहिनीबाई,

पाटी पोचली. कंपाउंडरने ती आधी धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळली, आणि मग मी हात लावू नये म्हणून कपाटात ठेवली. बाहेर काढायला मला माझ्याच दवाखान्यात विनंती करावी लागली.

पहिल्या दिवशी तिने माझीच परीक्षा घेतली. पडद्याच्या कोपऱ्यात फुली येते, तिच्यावर नेम धरून टोचायचं. चार कोपरे झाले की पुन्हा पहिला. तोवर समोरचं पोर टेबलावर ओकलं. दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या, त्यांच्या दम्याचं औषध मी त्यात बघत होते. त्या पदर सावरून म्हणाल्या, ‘डॉक्टरीणबाई, आधी मला बघा, मग ते कोडं सोडवा.’ तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, यात पोराचा निकाल कळेल का. कळत नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वास जरा कमी झाला, असं मला वाटलं.

तरी गंमत म्हणून ठेवून घेतलीय. मला माझी खिशातली वही बरी. डोस लिहायचा, पुस्तकात बघायचा, पुन्हा वहीत बघायचा. तीनदा. पोरीबाळी हसतात, म्हणतात बाईंना विसरायला होतं. होत असेल.

त्या घड्याळजीचं तू लिहिलंस. जुनं उगाळून काही निघत नाही. दवंडी बोलतो ते वाऱ्यावर सोडावं. खोलीसाठी तू भांड, पण त्यात मला ओढू नकोस, मी आता बाहेरची.

आईचे गुडघे कसे आहेत? दादाला म्हणावं, पेपराच्या मागून एकदा बाहेर ये.

तुझी वन्सं (हे मी लिहायचं असतं का? असो.)

१२ ऑगस्ट

वन्सं,

माझं भाग्य उजळलंय आणि का ते मला कळत नाही.

कार्डं टाइप झाली. मी महिनाभर ती तपासत होते, आकडा न आकडा. डोसाचा एक दशांश चुकला तर माणूस जातो. चार सोमवारांपूर्वी पाट्यांमध्ये भरली. कोणी किती कार्डं उघडली हे पाळण्यात घातल्यावर समजतं. पहिल्या महिन्यात एकोणसाठ डॉक्टरांनी मिळून किती वेळा पाटी उघडली होती, सांगू? एकशे चाळीस. त्यातही नव्वद वेळा पत्त्यांचा खेळ. आणि आता, कार्डं गेल्यापासून, अकरापट. वन्सं, अकरापट. त्वचेच्या डॉक्टरांनी एका रविवारी एकशे बारा कार्डं वाचली, त्यातली निम्मी बाळंतपणाची. हाडांचे मोठे डॉक्टर मानसोपचारातली वाचतायत. कॉरिडॉरमध्ये दोघंतिघं डोकी जोडून उभे असतात, काडीने सरकवतात, आणि मी दिसले की गंभीर होतात. मला वाटतं, ज्ञान.

दवंडी खूश आहे. म्हणाला, तुम्ही तर कमाल केलीत, ग्रंथालयाची आता खरंच गरज उरली नाही. कौतुक असं असतं.

मला खोटं बोलता येत नाही, मलाही बरं वाटलं. बावीस वर्षं कार्डं लिहिली ती कुणी वाचेल असं वाटून लिहिली नव्हती. खोली जाईल, पण पेटी लोकांच्या खिशात राहील, असं म्हणत मी स्वतःला समजावतेय. आईंनाही सांगितलं. म्हणाल्या, उशिरा का होईना.

सोबत नखाएवढी चकती आहे. पाटीच्या डोक्याशी फट आहे, तीत सारायची. सगळी कार्डं त्यात आहेत. तुझ्या दवाखान्यातही उघडली जाऊ देत.

तुझी वहिनी

१४ ऑगस्ट

वन्सं,

परवा पाठवलेलं पाकीट उघडू नकोस. उघडलं असलंस तर चकती सारू नकोस. सारलीस तर निदान चारशे बारा नंबरचं कार्ड वाचू नकोस. नंबर मी सांगायला नको होता, पण आता लिहून झालंय आणि शेवटचा कागद आहे.

त्या माणसांनी कार्डांच्या मागच्या बाजूही टाइप केल्यात. कोणताही मजकूर गाळू नये, या हुकमाप्रमाणे. मी तपासल्या त्या फक्त पुढच्या बाजू. मागच्याही जातायत हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मागच्या बाजूला मी काय लिहायची ते तुला माहीत नाही. कुणालाच नव्हतं. आता एकोणसाठ जणांना आहे.

वहिनी

३० ऑगस्ट

वहिनी,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. पाकीट जाड होतं, म्हणून आधी ते उघडलं.

चारशे बारा नंबर तू सांगायची गरज नव्हती. मी चकती सारल्यावर पहिलं काय शोधलं असेल? इंजेक्शनचं नाव टाइप केलं. पुढची बाजू आली. मूत्रपिंडं मंद असतील तर डोस निम्म्याहून कमी, दोन डोसांमधलं अंतर वाढवा, कानांना धोका. हे मला तोंडपाठ आहे. मग खाली ‘मागे’ असं आलं, तिथे टोचलं.

‘मैत्रीण. साडेचारला विचारलं. पाच दहाला फोनवर सांगितलं. म्हणाली, सीनियर म्हणतात पुस्तकं पेशंट तपासत नाहीत. मग म्हणाली, बघते. आवाज बघणाऱ्याचा नव्हता.’

त्याखाली आणखी दोन वाक्यं आहेत, ती मी वाचली नाहीत. पडदा बंद केला. बाहेर सतरा पेशंट बसले होते.

तू हे लिहून ठेवलंस. अठरा वर्षं ते त्या पेटीत होतं, आणि तू माझ्याशी हसत होतीस, माझ्या भावाशी लग्न केलंस, माझ्या आजारपणात उशाशी बसलीस. मला तेव्हा तोंडावर का नाही बोललीस? भांडली असतीस तर बरं झालं असतं.

हो, पूर्ण डोस मीच दिला. सहा वाजता, आणि पुढचे चार दिवस. तो राउंडला उभा होता, सगळ्यांसमोर म्हणाला, घाबरतेस कशाला, आणि मी चोवीस वर्षांची होते. नंतर चौकशीत तोच म्हणाला, उत्तर उशिरा आलं असं लिही, ग्रंथालयाचं काय बिघडतंय. मी लिहिलं. घरी आईला जेवताना एवढंच म्हणाले, उत्तर उशिरा मिळालं. आई म्हणाली, म्हणजे त्या पोरीची चूक. मी पाण्याचा ग्लास उचलला. ग्लास ठेवला तेव्हा विषय बदललेला होता. एवढंच झालं. एका घोटाएवढं.

इथे लोक म्हणतात, आमच्या बाई चुकत नाहीत. का चुकत नाहीत, ते तुला ठाऊक आहे. मला दुसरं काही येत नाही, वहिनी.

ते कार्ड फाड. विश्वस्तांपुढे ते नाचवलंस तर मी नाकारीन. हेही मागच्या बाजूला लिहून ठेव.

२६ सप्टेंबर

वन्सं,

तुझं पत्र घेऊन मी तीन दिवस हिंडले. नाचवणार नाही. फाडलेलंही नाही. पेटीतून काढून माझ्या पर्समध्ये ठेवलंय. तिथून ते कुठेही जाणार नाही, एवढं आता पुरे.

मागच्या बाजूचं आधी सांगते. सल्ला द्यायचा नाही, हा नियम होता. पण सल्ला पोटात राहिला की सुचतच राहतो, म्हणून मी तो कार्डाच्या पाठीवर लिहायची आणि पेटीत टाकायची. विचारणाऱ्याचं नाव कधी लिहिलं नाही. पण ‘हाडांचे मोठे डॉक्टर. हाच प्रश्न मार्चमध्ये विचारला, जूनमध्ये विचारला. उत्तर खिशात ठेवतात आणि कोट धुवायला टाकतात’ असं लिहिल्यावर नाव कशाला लागतं? ‘भूल देणारे. उत्तर ऐकता ऐकता स्वतःच झोपले.’ ‘मोठ्या सिस्टर. प्रश्न नेहमी डॉक्टरांच्या नावाने विचारतात. उत्तर यांना आधीच माहीत असतं, डॉक्टरांना दाखवायला कागद लागतो.’ ज्ञान म्हणून लोक हे वाचत होते.

मोठ्या सिस्टर माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता संपलं. त्या म्हणाल्या, ‘वीस वर्षं झाकलं होतं हो, तुम्ही एका ओळीत उघडं केलंत.’ आणि बसल्या. आता डॉक्टर थेट त्यांनाच विचारतात म्हणे. त्यामुळे त्यांना जेवायला वेळ मिळत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी मात्र तक्रार केली. दवंडीने हुकूम काढला, मागच्या बाजू ताबडतोब पुसाव्यात. पुसायच्या तर पाटी पाळण्यात घालायला हवी. त्या सोमवारी एकही पाटी आली नाही. पुढच्या सोमवारी दोन आल्या, त्याही बंद पडलेल्या. कुणाची घरी राहिली, कुणाची मुलाने घेतली, एकाने सांगितलं पाटीला ताप आहे. अख्खं हॉस्पिटल खिसे धरून चालतंय. वाचून झालेलं वाचतायत, एकमेकांना ऐकवतायत, पुसू देत नाहीत.

आता पाळण्यात घातली नाही म्हणजे नवे डोसही आत गेले नाहीत. दोन औषधांचे डोस ऑगस्टअखेर बदलले. दवंडीला घाम फुटला. परवा तिसरं परिपत्रक: पाटीवरील डोस ग्राह्य धरू नये, ग्रंथालयातील छापील पुस्तकात खात्री करून घ्यावी.

वन्सं, काल दुपारी माझ्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. डाव्या हातात पाटी, उजव्या हातात पुस्तक. एकाने पाटीवर पुस्तक ठेवलं होतं, टेकू म्हणून. अगदी बरोबर उंचीची आहे.

एक गोष्ट हसण्यासारखी नाही. एक डॉक्टर आले. ‘प्रश्न पेशंटचा म्हणून विचारला, पण आजार स्वतःचा आहे. बारीक झालेत,’ असं मी चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं. ते आता बरे आहेत. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मग मला विचारलं का नाहीत? घरीसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.’

मी त्यांना नियम सांगितला. ऐकून घेतलं आणि गेले. माझ्या तोंडाला तो नियम इतका वाईट कधी लागला नव्हता.

चारशे बाराच्या शेवटच्या दोन ओळी वाच. त्या तुझ्याविषयी नाहीत.

वहिनी

२१ ऑक्टोबर

वहिनीबाई,

पाटी परत पाठवतेय. चारशे बारा मी स्वतः पुसलं. कसं पुसायचं ते कळायला दीड तास आणि कंपाउंडर लागला. त्याला सांगितलं, एक जुनी चूक आहे. तो म्हणाला, बाई, मग यंत्राचीच असणार.

बाकीची वाचली. हाडांच्या डॉक्टरांच्या कोटावर मी एकटीच हसत बसले, पेशंट घाबरले.

पुसण्याआधी त्या दोन ओळी वाचल्या. ‘मी परत फोन करायला हवा होता. सल्ला द्यायचा नाही.’

तू फोन केला असतास तर मी उचलला नसता, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. जमलं नाही.

पण माझं उत्तर तेच आहे. आई शहात्तर वर्षांची आहे. तिला सांगायला माझ्याकडे तोंड नाही. खोली भरली आहे ना तुझी? मग झालं. तूच जिंकलीस.

वन्सं

१२ नोव्हेंबर

वन्सं,

खोली भरली आहे म्हणून मी जिंकले, असं मलाही आठवडाभर वाटत होतं. भरलेली खोली विश्वस्तांना दिसत नाही. त्यांना कागद दिसतो. दवंडी ऑगस्टचा आकडा घेऊन जाणार आहे, अकरापटवाला. त्यानंतर पाट्या पाळण्यात आल्याच नाहीत, म्हणजे त्यानंतरचा आकडाच नाही. शिळं आहे, पण गरम करून वाढणार. आणि त्यासोबत घड्याळजी. सभेसाठी छापलेली टिपणी माझ्याकडून तपासून घ्यायला पाठवली होती, शुद्धलेखन बघा म्हणून. पान दोन, परिच्छेद तीन: ‘ग्रंथालयातून उत्तर विलंबाने प्राप्त झाल्यामुळे रुग्णाची श्रवणशक्ती.’ शुद्धलेखन बरोबर होतं.

गुरुवारी तो स्वतः आला. खोलीत वीसएक माणसं होती, म्हणून कपाटांच्या मागे उभा राहिला.

‘चारशे बारा,’ म्हणाला.

‘हो.’

‘तेवढं एक काढता येईल? तांत्रिक कारण दाखवू.’

‘पाटी पाळण्यात घातली की सगळंच जाईल. घालत नाहीत कुणी.’

‘आणि कागद?’

‘कागदाला पाळणा नसतो, साहेब.’

तो गेला नाही. कपाटावरची धूळ बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, तिला मी दोष दिला नव्हता, वाचवलं होतं. मला वाटतं, त्याला ते खरंच वाटतं. त्या काळातले आम्ही दोघंच इथे उरलोय, वन्सं. चारशे बारामधली मैत्रीण कोण, हे त्याला कळलं आणि मला माहीत आहे. बाकीच्यांना ते एक कार्ड आहे.

मी सभेत उठून सांगू शकते. पण ग्रंथपाल स्वतःच्या अक्षरातला पुरावा घेऊन आली, याला काय अर्थ आहे? तो म्हणेल, आज लिहिलं. आणि तू नाकारशील, तसं तू लिहिलंच आहेस. फोनच्या या टोकाला मी होते, त्या टोकाला तू. त्या टोकाचं कुणी बोललं तरच पाच दहाला पाच दहा म्हणतील.

तू विचारलंस, तोंडावर का नाही बोललीस. त्याचं उत्तर द्यायला मला अडीच महिने लागले. आईंचं म्हणणं अगदीच चूक नाही. तुझं ‘बघते’ ऐकून मला कळलं होतं की तू बघणार नाहीस. फोन माझ्या हाताशी होता. सव्वापाच वाजले, साडेपाच वाजले, मी पुस्तकं जागेवर लावत राहिले. इंजेक्शन सहाला दिलंस. पन्नास मिनिटं माझ्याकडे होती. तुझ्या घोटाएवढी नाही, चांगली पन्नास मिनिटं. म्हणून घरात ‘उशिराची’ म्हणवून घेताना मला ते पूर्ण खोटं कधी वाटलं नाही. आईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या होत्या, अच्छा, ती उशिराची ती हीच का. तू दारात उभी होतीस. तू मला त्या घरात आणलंस ते मैत्रीने की भरपाई म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. विचारणारही नाही, दोन्ही असलं तरी मला चालणार आहे, माझं घर चांगलं झालं.

माझ्या वाट्याचं मी विश्वस्तांना सांगणार आहे. उत्तर दिलं, पण ते पोचलं की नाही ते पाहिलं नाही. त्यावरून खोली गेली तर जाऊ दे, ते खरं असेल. पण ‘विलंबाने’ या शब्दावरून ती जाऊ नये. उद्या चोवीस वर्षांची कुणी पोरगी राउंडवरून पळत येईल, तिला पाटीने सांगितलेलं असेल आणि सीनियरने धुडकावलेलं असेल. पाटी परत फोन करत नाही. तिथे खुर्चीवर बसलेलं एक माणूस हवं, आणि त्याला तो जुना नियम पाठ नसावा.

विश्वस्तांच्या पत्त्याचं पाकीट सोबत आहे, तिकीट लावलेलं. आत चार ओळी हव्यात. प्रश्न साडेचारला विचारला, उत्तर पाच वाजून दहा मिनिटांनी मिळालं, डोस सहाला दिला. चौथ्या ओळीत तुझी सही. सीनियरचं नको, रडणं नको, कारण नको. आईंना कळणार नाही. आणि कळलंच तर मी त्या वेळी तुझ्या शेजारी बसलेली असेन, पाण्याचा ग्लास लांब ठेवून.

तू नाही म्हणणार. तुझ्या एकवीस ऑक्टोबरच्या पत्रात ते दोनदा आहे, आणि दोन्ही वेळा अक्षर नीट आहे, म्हणजे विचार करून लिहिलंस. कदाचित ‘बघते’ म्हणशील. तो शब्द मी एकदा ऐकलाय. म्हणून या वेळी मी परत फोन करणार आहे, एकोणीस तारखेला, सकाळी, तुझे पेशंट यायच्या आधी. उचल. आणि त्याच्या आधी त्या चार ओळी लिही, वन्सं.

तुझी वहिनी